ओळीतलं शेवटचं नाव

१

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हिगाशिदे शिझुनोने एक बटण दाबलं आणि तेराशे घरांना एकदम नमस्कार पोचला.

बटण दाबायला काय, कोणीही दाबेल. त्यामागे अकरा महिने राबली होती ती एकटी. तोयामामधल्या एका जुन्या, छोट्या औषध कंपनीत शिझुनो एकोणीस वर्षं कारकून होती. धंदा पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीचा. घराघरात औषधांची लाल पेटी ठेवून यायची, घरच्यांनी वर्षभर लागेल ते घ्यायचं, आणि वर्षाने विक्रेत्याने जाऊन जेवढं वापरलं तेवढं पुन्हा भरायचं. या धंद्याचा जीव पेटीत नसतो, वहीत असतो. कोणत्या घरात कोण कोण आहे, आजीचा कोणता गुडघा दुखतो, धाकट्याला कडू पूड चालत नाही, सगळं वहीत. फिरते विक्रेते म्हातारे होऊन एकेक करत घरी बसले आणि त्यांच्या बावीस वह्या शिझुनोच्या टेबलावर येऊन पडल्या. शाई पुसटलेली, अक्षर कोंबडीच्या पायांचं. तिने एकेक नाव भिंगाखाली धरून संगणकातल्या पत्त्यांच्या यादीत उतरवलं.

मग आलं टेम्प्लेट. ई-मेलचा मजकूर सगळ्यांना एकच, पण पहिल्या ओळीत कंसात एक मॅक्रो. मेल निघताना यंत्र त्या कंसाच्या जागी त्या त्या घरातली नावं यादीतून उचलून घालणार. घरच्या कर्त्याचं नाव आधी, मग बाकीच्यांची, आणि प्रत्येकाला मानाचं 'सामा' जोडलेलं. घरात एक माणूस असो की सात, स्वल्पविराम जागच्या जागी पडला पाहिजे. एवढ्यासाठी तिने तीन आठवडे घालवले होते. तिचं स्वतःचंही घर यादीत होतं, कारण तिच्या स्वयंपाकघरातही कंपनीची पेटी होती.

विभागप्रमुख मिझुकोशी मालकांचे जावई. त्यांनी सकाळच्या सभेत मालकांना सांगितलं, "मी एक पद्धत बसवली आहे." मी! शिझुनो मागच्या रांगेत उभी होती. तिने चहाचे कप गोळा केले, कारण तेही तिच्याच वाट्याचं होतं.

२

नऊ चाळीसला पहिला फोन आला.

"मुरोया बोलतोय, तोनामीहून. ही किनू कोण?"

"कोण, म्हणालात?"

"तुमच्या मेलमध्ये लिहिलंय. मुरोया तोकुजी सामा, हारुए सामा, किनू सामा. आम्ही दोघंच राहतो, मी आणि बायको. या नावाचं आमच्या घरात कोणी नाही."

मुरोया निवृत्त शाळामास्तर. आवाजावरूनच कळत होतं की पोरं यांना टरकून असणार. शिझुनोने यादी उघडली. मुरोयांच्या ओळीत तीन नावं होती. तिसरं किनू. तिने वही काढून ते पान उघडलं. वहीत दोनच.

"चौकशी करून सांगते," ती म्हणाली.

"चौकशी कसली करता? आधी क्षमा मागा!"

"चूक कोणाची ते कळलं की मागेन, मुरोया-सान."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. शिझुनोचं हे एक होतं. चूक तिची असेल तर ती कमरेत वाकून माफी मागायची, पण दुसऱ्याच्या चुकीची माफी तिने एकोणीस वर्षांत मागितली नव्हती. या गावात ही गोष्ट फार कोणाला परवडत नाही, आणि तिलाही ती महागच पडत आली होती.

दुपारपर्यंत तेवीस फोन. मंगळवारी दुपारपर्यंत चाळीस. प्रत्येक घरात एक नाव जास्त, ओळीच्या शेवटी. सगळी जुन्या वळणाची, आता कोणी मुलीचं ठेवत नाही अशी. इतो, तोमे, सुए, मासू. आणि प्रत्येकाचं वाक्य तेच, कोणी चिडून, कोणी हसून, कोणी अदबीने म्हटलेलं: या नावाचं आमच्या घरात कोणी नाही.

फक्त एका म्हाताऱ्या बाईने तक्रार केली नाही. ती फोनवर अगदी हळू बोलत होती, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तशी.

"तुम्हाला कसं कळलं हो?" तिने विचारलं. "मी तर मुलालाही सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं, आजी?"

मागे कुठेतरी सरकतं दार सरकलं. बाईने फोन ठेवून दिला.

मिझुकोशी टेबलापाशी येऊन उभे राहिले. "हिगाशिदेबाई, यंत्र आपल्या मनाने नावं लिहीत नाही."

"मग मी माझ्या मनाने लिहिली म्हणता?"

"कोणीतरी लिहिलीच ना? याद्या तुमच्या, मॅक्रो तुमचा."

"काल सभेत तर पद्धत तुमची होती!"

पलीकडच्या टेबलावरची मुलगी खोकल्याचं निमित्त करून हसली. मिझुकोशींचे कान लाल झाले. "तक्रारींची नोंद करा," ते म्हणाले, "एकेक घर, न चुकता. आणि शुक्रवारपर्यंत माफीनामा लिहून त्यावर सहीच्या जागी आपला शिक्का मारा. नावं तुमच्या हातून चुकून पडली, एवढंच लिहायचं. मार्चमध्ये तुमच्या कराराचं बघायचंय, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. कंत्राटी माणसाला तेवढंच लक्षात असतं.

३

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर शिझुनोने स्वतःला आलेला मेल उघडला होता.

*हिगाशिदे शिझुनो सामा, ओरान सामा, वर्षभर आपल्या घरी सारं क्षेम असेल अशी आशा आहे.*

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग तिला राग आला, सरळ आणि स्वच्छ राग. हिगाशिदे शिझुनो, वय सत्तेचाळीस, बावीस वर्षं या भाड्याच्या घरात एकटी. एकटेपणाबद्दल तिची कोणाकडे तक्रार नव्हती, उलट तो तिने मेहनतीने मिळवला होता. आणि कोण ही ओरान? दुसऱ्या दिवशी तक्रारींच्या नोंदीत तिने चाळीस घरांखाली स्वतःचं घर एकेचाळिसावं म्हणून लिहिलं. स्वतःला वगळणं तिच्या तत्त्वात बसेना.

मंगळवारी सकाळी कामावर निघताना ती दाराशी थबकली. घरात एकटं राहणारा माणूस बूट कसेही काढतो. ती तर एक इकडे एक तिकडे भिरकावायची; कोणाला दाखवायचंय? आता ते दोन्ही शेजारी शेजारी होते, टाचा घराकडे, टोकं दाराकडे. पाहुणा निघायचा झाला की यजमानीण त्याचे बूट तसे वळवून ठेवते, त्याला सहज पाय घालता यावा म्हणून.

मीच वळवले असतील, ती स्वतःशी म्हणाली. थकल्यावर माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही. हे कारण पटण्यासारखं होतं, आणि तिने ते पटवून घेतलं.

बुधवारी सकाळीही बूट दाराकडे तोंड करून होते. या वेळी आदल्या रात्री तिने ते मुद्दाम आडवे टाकले होते.

तिने पेटी खाली काढली. स्वतःच्या पेटीतली पाकिटं ती दर महिन्याला मोजायची, सवयच ती. पोटाची पाच, सर्दीची सहा, मलमाची डबी एक. सर्दीची चारच भरली. शिझुनोला दोन वर्षांत शिंकसुद्धा आली नव्हती. पेटीच्या तळाशी दोन रिकामे कागद होते, अरुंद घडी घालून त्यांची छोटीशी गाठ मारलेली. जुन्या बायका कागद फेकण्याआधी अशी गाठ मारायच्या. शिझुनो कागद चुरगळून टाकते, तिला ती गाठ मारताही येत नाही.

"औषध घ्यायचं तर विचारून घ्यावं माणसाने," ती रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्याने म्हणाली. म्हटल्यावर तिला बरं वाटलं. मग लक्षात आलं की आपण उत्तराची वाट बघत उभ्या आहोत, आणि ती छत्री न घेताच बाहेर पडली.

४

मंगळवारी मुरोयांनी पुन्हा फोन केला होता. त्यांना शुक्रवारपर्यंत थांबायचं नव्हतं. त्यांची बायको मेल वाचल्यापासून जेवायला तीन वाट्या मांडते, म्हणाले. विचारलं तर सांगते, हात आपोआप गेला. "नाव काढा. आत्ता, मी फोनवर असताना."

फोन मिझुकोशींनी हातात घेतला. "काढतोय साहेब, हे बघा, काढलं. आमच्या बाईंची चूक झाली, फार फार क्षमा असावी." असं म्हणत त्यांनी शिझुनोच्या खांद्यावरून हात पुढे करून मुरोयांच्या ओळीतलं शेवटचं नाव उडवलं. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे शिझुनोवर होते, माफी अशी मागतात, असं सांगणारे.

ती इतकी चिडली होती की पडद्याकडे तिनेही बघितलं नाही.

बुधवारी दहा वाजता तिने रीतीप्रमाणे मुरोयांना फोन लावला. काम झालं का ते विचारायचं, एवढंच.

एका बाईने उचलला. आवाज गोड, जरा जुन्या धाटणीचा.

"मुरोया तोकुजी-सान आहेत का?"

"कोण?"

"मुरोया तोकुजी. तुमचे... घरचे. शाळेत मास्तर होते ते."

"नंबर बरोबर आहे तुमचा, मुरोयाच बोलतेय. पण या नावाचं आमच्या घरात कोणी नाही." मग मागे वळून, प्रेमाने, "हारुए, तुला कोणी तोकुजी माहीत आहे का गं?"

मागून दुसऱ्या बाईचा आवाज आला. ती काय म्हणाली ते कळलं नाही. ती रडत होती की हसत होती तेही कळलं नाही.

शिझुनोने फोन ठेवला, हात मांडीवर पुसले, आणि मिझुकोशींच्या टेबलापाशी गेली. "मुरोयांच्या घरी काहीतरी विचित्र झालंय."

"कोण मुरोया?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काल तुम्ही फोनवर ज्यांच्यापुढे लोटांगण घालत होता ते!"

"मी?" मिझुकोशींनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, कामाचं बोला."

उद्धटपणाला मर्यादा असते. चोवीस तासांत गिऱ्हाइकाचं नाव विसरायचं, तेही माफी मागून झाल्यावर! मोठ्यांच्या जावयाला सगळं माफ. शिझुनो धुमसत जागेवर परतली आणि दिवसभर त्याच रागावर तिने काम रेटलं. रागाचं एक बरं असतं, तो दुसऱ्या कशाला जवळ येऊ देत नाही. यादीतली मुरोयांची ओळ उघडून बघायचं तिला त्या दिवशी सुचलं नाही.

५

गुरुवारी ताकेबे आजोबा आले. एकोणऐंशी वर्षांचे, पायी फिरणाऱ्या विक्रेत्यांतले शेवटचे. दर गुरुवारी ते कंपनीत चहा प्यायला येत आणि आपल्या वह्या नीट ठेवल्यात ना ते बघून जात. औषधांच्या फेरीत घरोघरच्या मुलांना वाटण्यासाठीचे कागदी फुगे अजून त्यांच्या खिशात असायचे, चपटे घडी केलेले.

शिझुनोने त्यांच्यापुढे चाळीस नावांची यादी ठेवली. एकेचाळिसावं तिने सांगितलं नाही.

आजोबांनी चष्मा पुसून सगळी नावं वाचली. "माझ्या वहीतली नाहीत ही."

"मला माहीत आहे. पण मग आली कुठून?"

"ते मला काय विचारतेस, पोरी? मी औषधं विकली." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "काढून टाकणारेस की काय?"

"मिझुकोशी साहेबांना काढायची आहेत."

"घरी जाऊन विचारलं का?"

"कोणाला विचारायचं? घरचे स्वतःच ओरडतायत, काढा म्हणून."

"फोनवर ओरडतायत." आजोबा म्हणाले. "आमच्यात अशी रीत नव्हती. माणूस गेलेलं असो नाहीतर सासरी गेलेलं, नाव खोडायचं तर त्या घरी जायचं, दाराच्या पायरीवर टेकायचं, आणि घरात जेवढी म्हणून आहेत तेवढ्यांच्या समोर विचारायचं, हे नाव खोडू ना? सगळी हो म्हणाली की मगच रेघ मारायची. घाई नाही करायची."

"आणि घाई केली तर?"

"मी एकदाच केली. हिमी गावाच्या बाजूला एक घर होतं. बर्फ पडत होता, पुढे सात घरं राहिली होती, म्हटलं रस्त्यातच खोडू. पुढल्या वर्षी त्या घरी गेलो..." बाहेर ढगात गडगडलं. हिवाळ्यात वीज कडाडली की समुद्रात बुरी मासा आला म्हणून इथले लोक खूश होतात. आजोबा खूश दिसले नाहीत.

"गेलात, आणि?"

"चहा गार झाला गं," ते म्हणाले, आणि अर्धा कप तसाच ठेवून उठले. जाताना खिशातून एक कागदी फुगा काढून तिच्या टेबलावर ठेवला, लहान मुलीला द्यावा तसा.

६

शुक्रवारी सकाळी शिझुनोने शेवटी यादी उघडली, सगळी, पहिल्या ओळीपासून.

मुरोयांच्या ओळीत दोन नावं होती. किनू. हारुए.

म्हणजे मिझुकोशींनी उडवलं ते... तिने वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही. ती उरलेल्या चाळीस घरांकडे गेली. सोमवारी जादाचं नाव प्रत्येक ओळीच्या शेवटी होतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, नोंदवहीत तसं लिहिलंही होतं. आता ती नावं सरकली होती. सगळीकडे ती ओळीच्या सुरुवातीला होती, कर्त्याच्या जागी. आणि ज्याचं घर, तो शेवटी.

सगळ्यात खाली तिचं घर. *ओरान. शिझुनो.*

यादी कोणीतरी उलटीसुलटी लावली असणार. कोणीतरी खोडसाळपणा केला असणार. बुद्धी अशी कारणं पुरवत होती आणि शिझुनो ती घेतही होती, पण तिचा हात नाव सरकवून पुन्हा पहिल्या जागी न्यायला लागला, आणि नाव सरकेना. ती धरून ओढायची, ते तिथेच.

"झाला का माफीनामा?" मिझुकोशी मागे उभे होते.

"नाही. आणि मी लिहिणारही नाही. आधी हे बघा. नावांची जागा बदलली आहे."

"बाई, शिक्का."

"शिक्का नंतर! तुम्ही मंगळवारी मुरोयांच्या ओळीतलं शेवटचं नाव काढलंत. ते मुरोया होते. त्यांच्या घरी एकदा फोन करून बघा, तो माणूस—"

"पुन्हा मुरोया!" ते ओरडले. सगळं ऑफिस माना खाली घालून ऐकत होतं. "मालक विचारतायत, जावईबापू, हा तमाशा कधी संपणार? एक साधं वाक्य लिहायचंय, माझी चूक झाली. एवढा कसला ताठा?"

"ताठा नाही. माझी चूक झाली नाही. बावीस वह्या मी डोळे फोडून उतरवल्या, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. श्रेय घ्यायला तुम्ही, आणि शिक्का मारायला मी? ही कुठली रीत?"

"ठीक आहे. मार्चची वाट बघायची गरज नाही मग." मिझुकोशींनी खुर्ची ओढली आणि तिच्याच संगणकासमोर बसले. "तुमचा मॅक्रो मलाही येतो. तक्रारीची अजून न सुधारलेली घरं निवडायची. प्रत्येक ओळीतलं शेवटचं नाव काढायचं. एका ओळीचं काम, त्यासाठी आठवडाभर रडारड."

"जादाचं नाव शेवटचं नाही! पहिलं आहे ते, पहिलं! थांबा, घरी जाऊन विचारू दे आधी, निदान—"

तिने त्यांचा हात धरला. ऑफिसात कोणी साहेबांचा हात धरत नाही. मिझुकोशींनी तो शांतपणे सोडवून घेतला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दिवे लुकलुकले नाहीत, कोणी किंचाळलं नाही. पडद्यावर एक छोटी सूचना आली: चाळीस ओळी सुधारल्या. पलीकडच्या मुलीने स्टेपलर उघडून त्यात पिना भरल्या.

शिझुनोचा मोबाइल खिशात थरथरला. यादीत काही बदललं की त्या त्या घराला नवा नमस्कार जावा, ही सोयही तिनेच केली होती.

*ओरान सामा, वर्षभर आपल्या घरी सारं क्षेम असेल अशी आशा आहे.*

"बघा!" तिने मोबाइल मिझुकोशींच्या नाकासमोर धरला. "वाचा काय केलंत ते! चाळीस घरं आहेत, चाळीस माणसं!"

मिझुकोशींनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता. त्याजागी सभ्य, गोंधळलेलं हसू होतं, अनोळखी माणसासमोर येतं तसं.

"आपण... हं... आपलं कोणाकडे काम होतं?"

हे मात्र फार झालं. काढून टाकायचं तर टाका, पण तोंडावर अशी थट्टा? एकोणीस वर्षं! शिझुनोने कोट घेतला, पिशवी घेतली, टेबलावरचा कागदी फुगाही घेतला, आणि ताठ मानेने बाहेर पडली. दाराशी मुलीने अर्धवट उठून तिला नमस्कार केला, भेटीला आलेल्या माणसाला करतात तसा. तीही सामील झालेली, शिझुनोला वाटलं. ट्रामच्या थांब्यावर पोचेपर्यंत ती मनात मालकांना लिहायच्या पत्राची पहिली चार वाक्यं तयार करत होती. पाचव्या वाक्यात स्वतःचं नाव यायचं होतं, आणि तिथे ती का कोण जाणे अडखळत होती.

७

घरापाशी आली तेव्हा तीन वाजले होते. बर्फाची भुरभुर लागली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता, आणि धुराड्यातून माशाच्या रश्शाचा वास येत होता.

सकाळी दिवा बंद करून निघाल्याचं तिला पक्कं आठवत होतं.

दारावरची पाटी तीच, हिगाशिदे. किल्ली कुलपात नेहमीसारखी फिरली. दार चार बोटं उघडलं आणि आतल्या साखळीला अडकलं. साखळी शिझुनो कधी लावत नसे.

"कोण आहे आत?" ती ओरडली. भीती वाटायला हवी होती, पण आठवडाभराचा राग आधी बाहेर आला. "उघडा दार! घर माझं आहे हे!"

आत चपलांचा आवाज आला. घाई नसलेला, स्वतःच्या घरात चालतात तसा. फटीतून दाराजवळची खालची जमीन दिसत होती. तिथे जुन्या लाकडी चपलांचा एकच जोड होता, टोकं घराकडे, भिरकावल्यासारखा, एक इकडे एक तिकडे.

मग फटीत कोणीतरी आलं. चेहरा पुरता दिसत नव्हता, कानाशेजारचे बांधलेले केस आणि गालाचा तुकडा, एवढंच. साखळीवर ठेवलेला हात ओला होता, काहीतरी धूत असलेला. अंगावर शिझुनोचा एप्रन होता. खिसा फाटल्यावर तिने निळ्या दोऱ्याने शिवला होता, कारण पांढरा संपला होता. तो निळा दोरा फटीतून अगदी स्पष्ट दिसला.

"कोण हवंय?" बाईने विचारलं. आवाजात जरासुद्धा वाईटपणा नव्हता. सर्दी झाल्यासारखा किंचित भरलेला होता, इतकंच.

"कोण हवंय म्हणजे? मी राहते इथे! बावीस वर्षं! मी हिगाशिदे!" शिझुनोने पिशवीत हात घालून आपला शिक्का काढला. माफीनाम्यावर मारला नव्हता तो. टोपण काढून तिने तो फटीसमोर धरला. "हे बघा, वाचा!"

बाई वाकून बघत राहिली. इथल्या सगळ्यांच्या शिक्क्यावर असतं तेवढंच त्यावर कोरलेलं होतं, आडनाव.

"हो, हिगाशिदे," बाई म्हणाली. "आम्ही हिगाशिदेच. आपण कोण म्हणालात?"

"शिझुनो! शिझुनो!"

बाईने खरोखर आठवून पाहिलं. टाळायला म्हणून नाही, मनापासून. चूल बघावी लागणाऱ्या बाईने दारातल्या अनोळखी माणसासाठी जितका वेळ काढावा त्याहून थोडा जास्तच वेळ तिने काढला. रश्शाला उकळी फुटल्याचा आवाज आतून आला. तिची नजर शिझुनोच्या हातातल्या कागदी फुग्यावर पडली आणि ती ओळखीचं हसली.

"औषधवाले होय! पेटीतली सर्दीची संपत आलीत हो, पुढच्या वेळी भरून द्या." मग जरा ओशाळून, "पण तुमची काहीतरी चूक होतेय. या नावाचं आमच्या घरात कोणी नाही."

ते वाक्य शिझुनोने त्या आठवड्यात चाळीस वेळा ऐकलं होतं, आणि चाळीस वेळा तिची मान ताठ राहिली होती. आताही तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं, श्वास भरून घेतला होता. पण या गावात दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाची कंबर त्याला न विचारता वाकते. तिची वाकली.

"गैरसोय झाली," तिच्या तोंडून आलं. "क्षमा असावी."

"असू द्या, असू द्या. बर्फ पडतोय, जपून जा," बाई म्हणाली, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हलकेच लावून घेतलं.